सपाट रेघ

गुरुवार

काही घडलं तरच लिहायचं, असं ठरवलं आहे. भावना लिहिणार नाही. त्या दुसऱ्या दिवशी वाचवत नाहीत. काय केलं आणि का केलं, एवढंच.

खोली छपाईच्या दुकानाच्या वर आहे. खिडकीला काळा कागद, टेबलावर दोन पडदे, तीन खुर्च्या. त्यातली मोडकी दिग्दर्शकांची. ती त्यांना चालते, कारण ते बसत नाहीत, फेऱ्या मारतात. पाठीमागे आम्ही त्यांना कविराज म्हणतो. वाफ, पाणी, सावल्या असलं काही दिसलं की त्यांचा कॅमेरा तिथून हलत नाही. शेजारच्या खोलीत आवाजवाला बसतो. तो स्वतःला कानसेन म्हणवतो. तानसेन व्हायचं होतं, घशाने दगा दिला, असं म्हणतो. मी एडिटर, चित्र कापून जोडणारी; मला तो कात्री म्हणतो. कात्री आता कुणी वापरत नाही, सगळं कॉम्प्युटरवर चालतं. तेव्हा त्याचा रोख माझ्या जिभेवर असावा.

फिल्म लाँड्रीवर आहे. इस्पितळांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री, वाफेवर चालणारी. तिथे सात बायका अशा आहेत की ज्यांना ऐकू येत नाही. मध्यंतरी इस्त्रीच्या यंत्रावरचा वाफेचा पाइप फुटला. भोंगा वाजला, सगळे पळाले. एक बहिरी बाई मागे राहिली आणि भाजली. लाँड्रीवाले म्हणतात, चूक तिचीच, आणि अशा बायका कामावर ठेवणंच धोक्याचं. पुढच्या शनिवारी नगर सभागृहात चौकशी समितीची जाहीर बैठक आहे. सातही जणींना काढायचं का, ते तिथे ठरेल. एका संस्थेने आमच्याकडून ही फिल्म करून घेतली आहे. बैठक सुरू होण्याआधी ती दाखवायची आहे. तारीख हलणार नाही.

फिल्मचा कणा म्हणजे एका बाईची मुलाखत. भाजलेल्या बाईची ती जोडीदारीण, त्याच यंत्रावर तिच्यासमोर उभी राहणारी. आम्ही तिला मावशी म्हणतो. ती हातांनी बोलते आणि तिची लेक कॅमेऱ्याच्या मागे बसून ते मोठ्याने सांगते. मुलाखत भयंकर लांब होती. मावशी आधी बोलणार, मग लेक सांगणार, मध्ये नुसती शांतता. मी आज त्या सगळ्या शांतता काढून टाकल्या. पडद्यावर चित्राखाली आवाजाची रेघ असते; ती जिथे सपाट, तिथे कुणी बोलत नाही. सपाट तेवढं उडवलं. मुलाखत निम्मी झाली. असं कापलं की चित्रात माणूस टुणकन उडी मारल्यासारखा दिसतो, म्हणून प्रत्येक सांध्यावर कविराजांची वाफ टाकली, धुण्याची फिरती पिंपं टाकली, चादरींच्या घड्या टाकल्या. खाली लेकीचा आवाज सलग चालतो. सांधा शोधून दाखवावा कुणी.

कविराज म्हणाले, "वा, एडिटरबाई! लोण्यातून सुरी गेली."

मी म्हटलं, "सुरी चांगली असली की जाते."

घरी बाबांचा अबोला चालूच आहे. टीव्ही चॅनेलची नोकरी मी सोडली ते त्यांना पटलेलं नाही. उघड काही म्हणत नाहीत. मी भांडी घासताना त्यांना फिल्मबद्दल सगळं सांगितलं. मागे वळून पाहिलं तर पेपर वाचत होते. हूं नाही की चूं नाही. ठीक आहे. मलाही अबोला धरता येतो, मी त्यांचीच मुलगी आहे.

शनिवार

पिक्चर लॉक झालं. म्हणजे आता चित्राला कुणी हात लावायचा नाही. लॉक झालेल्या चित्रावर कानसेन आवाज चढवतो, एकेक पाऊल, एकेक थेंब. नंतर चित्र जरासं जरी हललं तरी त्याचा सगळा आवाज पुढेमागे सरकतो. म्हणून लॉक मोडणं हे आमच्यात महापाप.

बाबांनी आज टीव्ही एवढा मोठा लावला होता की खालच्या मजल्यावरचे काका वर आले. मी न बोलता आवाज कमी केला. ते माझ्याकडे बघत राहिले, मग उठून आत गेले. मी घरून काम करते तेव्हाच त्यांना हे सुचतं. पुढे बोलायचं नाही, पण मागून टोचायचं.

सोमवार

आज मावशी आणि त्यांची लेक फिल्म बघायला आल्या. काही विचारायला नाही, केवळ मान म्हणून. कविराजांची तशी पद्धत आहे: ज्याची फिल्म, त्याला आधी दाखवायची, चहा द्यायचा, पाठवायचं.

मावशी बुटक्या, दंड मात्र पैलवानाचे. न विचारता माझ्याच खुर्चीवर बसल्या. लेक माझ्याहून चारेक वर्षांनी लहान असेल. लाँड्रीच्याच काउंटरवर बसते, कपड्यांच्या पावत्या करते.

फिल्म सुरू केली. मावशींचा चेहरा आला, त्या हसल्या. मग पहिली वाफ आली आणि त्यांनी टेबलावर थाप मारली. मला वाटलं चुकून लागला हात. दुसरी वाफ, दुसरी थाप. चादरींच्या घड्या, तिसरी थाप, कप उडाला. मी फिल्म थांबवली.

त्या उठल्या. पडद्यावरच्या चादरीकडे बोट केलं आणि दुसऱ्या क्षणी त्यांचा तळवा माझ्या तोंडावर होता. घट्ट. हाताला साबणाचा वास आणि कातडी सुक्या पुठ्ठ्यासारखी. मला कुणी हात लावलेला आवडत नाही. पण मी हलले नाही, कारण मला हलता येत नव्हतं.

लेक कानकोंडी होऊन म्हणाली, "ताई, माफ करा. आई विचारतेय, मी बोलत असताना तुम्ही माझ्या तोंडावर हात का ठेवलाय?"

कविराज पुढे झाले. "त्यांना सांग, ही कविता आहे. वाफेतून वेदना दिसते."

लेकीने हातांनी सांगितलं. उत्तर झटकन आलं. लेक जमिनीकडे बघत म्हणाली, "ती म्हणते, वाफ मी रोज बघते. तिच्यात काही दिसत नाही. म्हणून तर माणसं भाजतात."

कानसेन दारात उभा होता. त्याला खोकला आला.

मला त्या क्षणी समजलं, आणि समजल्यावर ते इतकं साधं होतं की राग आला. बोलणाऱ्या माणसावर दुसरं चित्र टाकलं तर त्याचं बोलणं खालून चालू राहतं. हे आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. मावशींवर दुसरं चित्र टाकलं की त्या बोलायच्या थांबतात. भाजलेली सोडून लाँड्रीतल्या उरलेल्या सहा बायका सभागृहात बसून ही फिल्म बघणार होत्या आणि त्यांना दिसणार होत्या चादरी.

मावशींनी खुणेने सांगितलं: सगळं दाखव, न कापलेलं. मी मूळ चित्रीकरण लावलं. त्या स्वतःकडे बघून मान डोलवत होत्या, जशी आपण स्वतःचा आवाज ऐकून डोलवू. मधेच एक जागा आली. रेघ सपाट. मी ती गुरुवारी एका फटक्यात उडवली होती. तिथे मावशींचे हात चालूच होते. चांगले लांब, ठासून, बोटं मोजत. आणि लेकीचा आवाज नव्हता. त्यानंतर ती एकदम पुढचं वाक्य सांगायला लागली होती.

मी विचारलं, "इथे त्या काय म्हणतायत?"

"काही नाही. आई विचार करताना हात हलवते."

ती पडद्याकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती. मी तेच परत लावलं.

"ताई, काही नाही म्हटलं ना. आम्हाला उशीर होतोय."

मावशी आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होत्या. मी पडद्यावर त्या जागी बोट ठेवलं आणि लेकीच्या ओठांकडे दाखवून मान हलवली: इथे ही बोलली नाही. मावशींना ते कळायला थोडा वेळ लागला. लेकीने काय सांगितलं आणि काय गाळलं हे त्यांना कळणार तरी कसं? मग त्या उठल्या, भिंतीवरच्या बटणापाशी गेल्या आणि खोलीतला दिवा बंद केला. पडद्याच्या उजेडात त्यांचे हात तेवढे दिसत होते. वर दिव्याकडे बोट, मग मूठ मिटलेली: बंद. गळ्यात शिट्टी अडकवल्याचा अभिनय, छाती पुढे काढून चालणं: मुकादम. स्वतःकडे बोट, मुकादमाकडे बोट, आणि तीन बोटं.

यंत्राजवळ या बायकांसाठी लाल दिवा आहे, तो मी चित्रीकरणात पाहिला होता. भोंगा वाजला की तो लागायला हवा. तो बंद होता, आणि मावशींनी मुकादमाला तीनदा सांगितलं होतं. एवढं कळायला मला भाषा लागली नाही.

लेकीने आईचा दंड धरून तिला बाहेर नेलं. चहा तसाच राहिला.

मंगळवार

कविराजांना म्हटलं, लॉक मोडायचं.

ते म्हणाले, "बाई, तुला वेड लागलंय का? लॉक म्हणजे लॉक. शुक्रवारी फिल्म सभागृहात पोचली पाहिजे."

"पोचेल."

"कानसेनचं सगळं काम वाया जाईल."

"त्याला मी सांगते."

"आणि माझी वाफ?"

खरा मुद्दा हा होता. मी म्हटलं, "सर, तुमची वाफ सुंदर आहे. पण ती त्या बाईच्या तोंडात बोळा घालते."

ते फेऱ्या मारायचे थांबले. म्हणाले, चॅनेलच्या नोकरीत हे असं बोलायला शिकवलं का? मी म्हटलं, तिथे गप्प बसायला शिकवत होते, म्हणून सोडली. मग त्यांचं ठेवणीतलं अस्त्र निघालं: "पटत नसेल तर फिल्मवरून तुझं नाव काढू."

"नाव राहील," मी म्हटलं. "कट बदलेल."

ते छत्री न घेता निघून गेले. बाहेर ऊन होतं, पण ते छत्री नेहमी नेतात.

लिहून ठेवते. चूक माझी आहे. रेघ सपाट दिसली म्हणून जागा रिकामी धरली. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे, म्हणूनच ती तशीच ठेवायला मला कुणी सांगू शकत नाही.

एक शंका आहे, ती पण लिहिते. लेक का गप्प बसली ते मला अजून माहीत नाही. मावशींचे हात दिसतील, पण ज्यांना ती भाषा येत नाही अशा समितीला अर्थ कोण सांगणार? मी दिवा बंद-चालू करून दाखवू?

बाबांना जेवताना म्हटलं, उद्या मला लवकर जायचंय. ताटात बघत म्हटलं असेन. त्यांनी उत्तर दिलं नाही. मग पाणी ओतताना आपणहून म्हणाले, "तू पुटपुटतेस फार. माणसाने माणसाकडे बघून बोलावं." सल्ल्याबद्दल आभार.

बुधवार

कानसेनला सांगितलं. मला वाटलं होतं तो आदळआपट करेल. त्याने हेडफोन गळ्यात घेतले, म्हणाला, "म्हणजे मी केलेली सगळी वाफ वाफेत?"

"हो."

"तीन दिवस मी प्रेशर कुकरपुढे माइक धरून बसलो होतो, कात्री. बायकोला वाटलं मला लागलंय काहीतरी."

"सॉरी म्हणू का?"

"तुझ्या तोंडी शोभणार नाही. ती सपाट जागा दाखव."

दाखवली. तो वाकला आणि रेघ मोठी करत गेला. मी कधी तेवढी मोठी केली नव्हती, गरज काय? रेघेवर बारीक दात उगवले. त्याने आवाज उचलला आणि हेडफोन माझ्या कानांवर घातले. तळव्यावर तळवा. बाहीचं कापड घासलं जातंय. बोट छातीवर आपटतंय, ठक. प्रत्येक वेळी मुकादमाची खूण करताना एक छोटा श्वास, नाकातून. मावशींना स्वतःला हे माहीत असणं शक्य नाही.

"सपाट काही नसतं," कानसेन म्हणाला. "तू लांबून बघत होतीस."

मी हेडफोन काढून त्याला दिले. त्याला वाटलं मी चिडले.

दुपारी मावशी एकट्याच आल्या, लेकीशिवाय. माझ्या खुर्चीवर बसल्या. मी मोडकी घेतली. आमच्यात भाषा नव्हती, पण त्यांचं वाक्य कुठे संपतं हे मला हवं होतं आणि ते त्यांना दाखवता येत होतं. मी चित्र चालवायचे, वाक्य संपलं की त्या टेबलावर थाप मारायच्या. दोन-चारदा मी त्यांच्या आधी थांबवलं. त्यांनी माझ्या मनगटावर चापट दिली. मग मला नियम सापडला. हात वर आहेत तोवर वाक्य चालू. हात मांडीवर आले की पूर्णविराम. कधी हात अर्ध्यात थांबतात, हवेत, तेव्हा त्या समोरच्याला कळलं का ते बघतात. तो स्वल्पविराम, तिथे कापायचं नाही. शिकलेली सगळी कारागिरी आवाज ऐकून कापायची होती. आज मी कानांवर काही न घालता कापलं. हळू झालं. पण एकही सांधा झाकावा लागला नाही.

मध्येच त्यांनी मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. त्यांची जोडीदारीण, इस्पितळातल्या खाटेवर. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. मी पहिल्या आठवड्यात कविराजांना विचारलं होतं, जी भाजली तिचीच मुलाखत का नाही घेतली? ते म्हणाले होते, ती बोलण्याच्या स्थितीत नाही. मी ते नेहमीच्या अर्थाने घेतलं होतं.

त्यानंतर आम्ही दोघींनी न थांबता काम केलं.

गुरुवार

लेक आली. मी बोलावलं नव्हतं. दारात उभी राहून म्हणाली, "आई काल इथे होती?"

"होती. आत ये."

ती बसली नाही. "मला ती नोकरी मुकादमाने लावलीय, ताई. मुलाखत घेतली तेव्हा तो लाँड्रीच्या दारातच उभा होता. मी जीभ आवरली. वाटलं, एक वाक्य गेलं तर काय होतंय? आईला कळणारही नाही."

"कळलं."

"सोमवारपासून घरात माझ्याशी बोलत नाहीये."

मी विचारलं, "म्हणजे नक्की काय करते?" मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मी बोलायला लागले की डोळे मिटून घेते. डोळे मिटले की संपलं ना. कितीही ओरडा."

अशा वेळी काय म्हणतात ते मला येत नाही. मी तिला नवीन कट दाखवला. सपाट जागा आता सलग होती, मावशींचा चेहरा आणि हात, वरून काही नाही, खाली कानसेनने उचललेली तळव्यांची ठकठक.

ती बघून म्हणाली, "मी बोलले नाही तरी तुम्ही हे दाखवणार?"

"दाखवणार. गावात ही भाषा येणारी तू एकटी नाहीस. कुणीतरी उठून अर्थ सांगेल."

"ही धमकी आहे का, ताई?"

"माहिती आहे."

ती जराशी हसली, रागातच. मग एकदम म्हणाली, "हात माझ्या आईचे आणि आवाज कुण्या परक्याचा? मी अडीच वर्षांची असल्यापासून तिचा आवाज आहे. दूधवाल्याशी भांडायची ती, आणि शिव्या मी द्यायची, बोबड्या. माइक कुठाय?"

कानसेनने तिला रेकॉर्डिंगच्या, भिंतींना कापूस लावलेल्या खोलीत बसवलं. पहिल्या वेळी तिचा श्वास पुरला नाही. दुसऱ्या वेळी तिने शब्द गुळगुळीत केले: दिवा बहुधा बंद असावा. मी काचेतून मान हलवली. त्या असं म्हणत नाहीत. बहुधाची खूण मी कालपासून एकदाही पाहिली नाही. तिने मला बघून दात-ओठ खाल्ले आणि तिसऱ्या वेळी सरळ म्हणाली, "लाल दिवा बंद होता. मी मुकादमाला सांगितलं. एकदा, दोनदा, तीनदा. तो म्हणाला, तुम्हाला डोळे आहेत ना, मग दिवा कशाला?"

हे शेवटचं वाक्य मला सोमवारी कळलं नव्हतं.

मग ती माझ्याशेजारी बसली आणि आम्ही सगळ्या फिल्मला चित्राखाली वाचायच्या ओळी लिहिल्या, लेकीच्या आवाजालाही आणि कविराजांच्या निवेदनालाही. त्या सहा जणींनी निवेदन तरी का चुकवावं?

संध्याकाळी कविराज आले. छत्री न्यायला आलो, म्हणाले. कट बघितला. उभ्याने, एका जागी. संपल्यावर बराच वेळ छत्रीची मूठ चोळत होते.

"एक तरी वाफ ठेव," शेवटी म्हणाले.

"ठेवलीय. सर्वांत शेवटी. त्यांचे हात मांडीवर आल्यावर."

"किती?"

"तुम्हाला हवी तेवढी. तेव्हा कुणी बोलत नाहीये."

शुक्रवार

फिल्म देऊन टाकली. त्याआधी संस्थेच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. लाँड्रीच्या मालकांना कुठून तरी वास लागला होता. कविराजांनी दोन मिनिटं हो-हो केलं, मग फोन माझ्या हातात दिला. "एडिटरशीच बोला."

साहेब गोड बोलत होते. फिल्म उत्तम असणारच, पण मुकादमाचा तेवढा उल्लेख काढता येईल का? अगदी छोटा भाग आहे म्हणे.

"नाही काढता येणार, साहेब."

"का? तांत्रिक अडचण आहे?"

"हो. बोलणाऱ्याचे हात वर असताना कट बसत नाही."

"मग त्यावर दुसरं काही चित्र टाका. वाफ वगैरे."

कविराज समोरच होते. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "वाफ संपली, साहेब." आणि ठेवून दिला. त्यानंतर त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण फेऱ्या मात्र ऐटीत मारत होते.

घरी आल्यावर सभागृहाच्या प्रवेशाचा पास टेबलावर बाबांच्या चष्म्याखाली ठेवला. बोलले नाही. अबोला त्यांनी सुरू केलाय, मी का मोडू?

रविवार

काल बैठक झाली.

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत त्या सहा जणी, मावशी मधोमध. दुसऱ्या बाजूला लाँड्रीचे मालक, वकील आणि मुकादम. शिट्टी गळ्यात नव्हती, पण हात सारखा तिथे जात होता. कानसेन प्रोजेक्टरपाशी. मी मागे भिंतीला टेकून उभी. स्वतःचं काम मी बसून बघत नाही.

ती जागा आली. लेकीचा आवाज यायच्या आधी नुसती तळव्यांची ठकठक सभागृहभर. ज्यांना ऐकू येतं ते चुळबुळ करायचे थांबले. पण समोरच्या सहा जणींच्या माना त्याच्या आधीच हलल्या होत्या. त्यांना ते दोन वाक्यं आधी कळलं होतं. आयुष्यात एकदा तरी त्यांना आमच्या आधी कळलं.

वकील उठले. म्हणाले, हा आवाज नंतर भरलेला आहे, मूळ मुलाखतीत ही वाक्यं नव्हती. खरं होतं ते. अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिलं. कविराज उठणार, तेवढ्यात लेक उठली.

"आवाज नंतर भरला," ती म्हणाली. "कारण तेव्हा मी घाबरले होते. समोर तो माणूस उभा होता. हात तेव्हाचेच आहेत."

मग मावशी उठल्या, समितीकडे तोंड केलं आणि सगळं परत सांगितलं. लेक शेजारी उभी राहून सांगत होती, या वेळी आईच्या मागे एक शब्दही न पडता. मध्येच वकिलांनी काही विचारलं. मावशींनी ते लेकीच्या हातावरून वाचलं आणि डोळे मिटले. सभागृहात कुणाला कळलं नाही की त्या काय करतायत. मला आणि लेकीला कळलं. मला हसू आवरावं लागलं.

निकाल काही लागला नाही. बायकांना काढायचा ठराव बाजूला ठेवला. मुकादमाला आणि दिव्याच्या वायरिंगवाल्याला पुढच्या बैठकीला बोलावलं आहे. लेक सोमवारी काउंटरवर जाणार आहे. "काढू दे की," म्हणाली, "आधी मला काढायचं कारण लिहून देऊ दे." शेवटी त्या सहा जणींनी हात वर करून बोटं हलवली, त्यांच्या टाळ्या. कविराजांनी मागे वळून माझ्याकडे बघत तसेच हात हलवले, चुकीचे, निरोप दिल्यासारखे.

बाबा आले होते. पुढून तिसऱ्या रांगेत, मला आधी दिसलेच नाहीत. घरी येताना म्हणाले, "आज तुझं काम मला पहिल्यांदा पूर्ण कळलं. खाली लिहिलं होतं, बरं झालं." मी म्हटलं, इतकी वर्षं काय कळत नव्हतं त्यात? ते रस्ता ओलांडायच्या घाईत होते. मग आपणहून सांगायला लागले की ते पत्रे ठोकायच्या कारखान्यात होते तेव्हा तिथेही अशीच खुणांची बोली चालायची, कारण त्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकूच यायचं नाही. चाळीस वर्षं. "अजून हातात आहे," म्हणाले, आणि भर रस्त्यात मला 'चहाची सुट्टी झाली' हे हाताने करून दाखवलं.

आज सकाळी मी नळ सोडून भांडी घासत होते. मागे न बघता विचारलं, "बाबा, चहा घेणार?"

उत्तर नाही.

परत विचारलं, चढ्या आवाजात. उत्तर नाही. म्हटलं, झालं, पुन्हा सुरू. जिभेवर काहीतरी जहाल आलं होतं. नळ बंद केला. घर एकदम सपाट झालं.

मी हात पुसले, बाहेरच्या खोलीत गेले, त्यांच्या खुर्चीला वळसा घालून समोर उभी राहिले. त्यांनी पेपर खाली केला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही. तोंडाकडे.

मी काही न बोलता, काल त्यांनी शिकवलेली चहाची खूण केली.

"अर्धा कप," बाबा म्हणाले. "आणि उगाच पाणी घालू नकोस, मला सगळं कळतं."

अर्धा कप केला. पाणी घातलं नाही. त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले, उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी.